रिंग नकाशावर, केबली एका चरात

नगर-मनमाड रस्त्यावर राहुरीच्या अलीकडे जेसीबीने केबल उचकटली होती. तुटीची जागा ओटीडीआर नावाचं यंत्र दुरूनच सांगतं. केबलमध्ये प्रकाशाचा ठोका सोडायचा. काचेतून तो सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, तुटल्या जागेवरून परततो, त्या वेळावरून अंतर कळतं. पण हे अंतर केबलचं, रस्त्याचं नव्हे. वाटेतल्या चेंबरांत केबलची वेटोळी ठेवलेली असतात. म्हणून शेवटचा शोध केबल जोडणारी पोरं ताजी उकरलेली माती बघत, पायीच घेतात.

जोडणी गाडीच्या मागच्या फळीवर, धूळ लागू नये म्हणून चादरीच्या आडोशाला. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी... रंगाला रंग लावायचा. काचेचा तंतू आवरणासकट २५० मायक्रॉनचा. तो सोलायचा, अल्कोहोलने पुसायचा, टोक सरळ छाटायचं. मग यंत्र विजेच्या ठिणगीने दोन्ही टोकं वितळवून एक करतं. हे पुन्हा पुन्हा, न कंटाळता. त्या हातांपुढे मला आमचं सगळं ‘डिजिटल’ फार बोलघेवडं वाटलं.

खरं तर एक तूट कुणाला जाणवायलाही नको. केबल वर्तुळात फिरवलेली असेल तर एक बाजू गेल्यावर राउटर उलट्या दिशेने वाट धरतो. नीट बसवलेल्या रिंगमध्ये हे ५० मिलिसेकंदांच्या आत होतं. गावोगाव इंटरनेट नेणाऱ्या भारतनेट योजनेची तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतची जुनी रचना फांदीसारखी होती: मध्ये तुटलं की पुढची सगळी गावं बंद. ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने मंजूर केलेल्या १.३९ लाख कोटींच्या सुधारित योजनेत म्हणूनच रिंग आली.

मग राहुरीजवळच्या या एका तुटीने, रिंग असूनही, लिंक का गेली? जोडणाऱ्यांतला वयाने मोठा होता तो म्हणाला, ‘‘साहेब, रिंग नकाशावर गोल आहे. जमिनीत दोन्ही केबली एकाच चरात.’’

याच रस्त्यावर राहुरीला मुळा, कोल्हारला प्रवरा, कोपरगावला गोदावरी. पुलावर चर नसतो. केबल लोखंडी पाइपातून कठड्याला बांधून नेतात आणि जाणारी-येणारी दोन्हींची तिथेच गाठ पडते. याच रस्त्यावरच्या शिर्डीला सिन्नरकडूनही रस्ता येतो. त्यावर मुळा-प्रवरेचे हे पूल लागत नाहीत. रिंगची दुसरी बाजू तिकडून आणायला खर्च जास्त, म्हणून ती टाळण्याचा मोह होतो. राउटरला हे कळत नाही. त्याला दोन वाटा दिसतात, चर दिसत नाही.

दवाखाना, पतसंस्था, कारखाना, जिथे कुठे दोन कंपन्यांच्या दोन लाइनी घेऊन निर्धास्त बसलात, तिथे दोघांनाही एवढंच विचारा: तुमची केबल कोणत्या पुलावरून येते?