लहान भोक की मोठी खिडकी?

मेहरूण तलावावर सकाळी फिरताना ओळखीचे शिक्षक भेटतात. एकदा तिथे प्रश्न निघाला: पित्ताशयाचे ऑपरेशन दुर्बिणीने होते, मग मेंदूत रक्तस्राव झाला तर अजून कवटी का उघडतात? प्रश्न सोपा वाटला. उत्तर तितके सोपे नाही, हे आम्हाला नंतर कळले.

पक्षाघात दोन प्रकारचा असतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर मेंदूचा काही भाग उपाशी राहतो. वाहिनी फुटली तर रक्त मेंदूतच साचते. आपण या दुसऱ्या प्रकाराविषयी बोलत आहोत. कवटी हा बंद डबा. आत रक्त साचले की मेंदू दाबला जातो, आणि त्या रक्तातील द्रव्ये आसपासच्या पेशींना अपाय करतात.

रक्त किती साचले, हे कसे कळते? सी.टी. स्कॅनवर गुठळीची लांबी, रुंदी आणि उंची मोजायची, तिन्हींचा गुणाकार करून दोनाने भागायचे. लंबगोलाचे घनफळ या गुणाकाराच्या सुमारे 0.52 पट असते, म्हणून हे जमते. लिंबाएवढ्या, 4 सेंटिमीटर व्यासाच्या गुठळीत 32 मिलिलिटर रक्त असते. गोलाचे सूत्र शिकलेल्या मुलांकडून हे जरूर पडताळून घ्यावे.

रूढ शस्त्रक्रियेत कवटीचा तुकडा खिडकीसारखा काढून, मेंदूला छेद देऊन गुठळी गाठतात. पण वाटेतला मेंदू निरोगी असतो! 2005 साली 27 देशांतील हजारावर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेक शस्त्रक्रिया कवटी उघडूनच झाल्या होत्या. सहा महिन्यांनी बरी स्थिती शस्त्रक्रियेच्या गटात शंभरात 26 जणांची होती, आधी औषधोपचार केलेल्यांत 24 जणांची. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच.

नव्या पद्धतीत मेहरूणच्या बोराहून जाड नसलेली नळी मेंदूच्या घडीतून आत सरकवतात. केळीचा खांब आडवा कापला तर सगळे धागे तुटतात, उभा फाकवला तर बाजूला होतात. तसेच इथे तंतूंच्या दिशेने जाऊन रक्त ओढून घेतात.

2024 साली अमेरिकेतील 300 रुग्णांचा अभ्यास आला. रक्त 30 ते 80 मिलिलिटर, शस्त्रक्रिया 24 तासांच्या आत. महिन्याभरात नळीच्या गटात शंभरी 9 रुग्ण दगावले, केवळ औषधोपचारांवरील गटात 18. वाचलेल्यांची हालचालही अधिक सुधारली.

मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. ही तुलना औषधोपचारांशी होती, कवटी उघडण्याशी नव्हे. आणि फायदा दिसला तो मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या रक्तस्रावात. खोल भागातल्या रक्तस्रावात तो न दिसल्याने तसे रुग्ण घेणे मध्येच थांबवले गेले. उच्च रक्तदाबाने होणारा रक्तस्राव बहुधा खोल भागातच होतो. शिवाय लहान मेंदूत मोठा रक्तस्राव झाला, तर कवटी उघडणेच अनेकदा जीव वाचवते.

तेव्हा भोक लहान की मोठे, याआधीचे प्रश्न महत्त्वाचे: रक्त कुठे, किती आणि केव्हापासून? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांकडे नसते, घरच्यांकडे असते. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर घड्याळ पाहा, वेळ लिहून ठेवा आणि सी.टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. आणि त्याआधी, आजच, रक्तदाब मोजून घ्या.