साडेतीन इंचाचा ठोकळा

मिस्त्रीकाका खोलीत आले, पण त्यांनी टेप काढलीच नाही. दारातच उभं राहून ते वर बघत राहिले. मला वाटलं, छताला ओल दिसली की काय.

"पंखा कुठं जाणार, ताई?"

पलंगाचा विचार आम्ही दोन महिने करत होतो, पंख्याचा कोणीच केला नव्हता. डोंबिवलीतल्या आमच्या घरात मुलांची खोली दहा बाय अकराची. थोरला नऊ वर्षांचा, धाकटीला पाच पूर्ण होऊन दोन महिने झालेले. दोन खाटा टाकल्या की अभ्यासाचं टेबल गॅलरीत जातं आणि पावसाळ्यात परत आत येतं. म्हणून बंक बेड. त्यासाठी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात दोन रविवार पायपीट केली. चौकोनी पाइपचे, कारच्या आकाराचे, खाली घसरगुंडी जोडलेले असे सगळे प्रकार पाहिले. प्रत्येक दुकानदार पलंगावर थाप मारून "दीडशे किलो आरामात" म्हणायचा. वजनाची भीती मला नव्हतीच. माझी दोन्ही मुलं मिळून पन्नास किलो भरत नाहीत. माझी नजर कठड्याच्या पाइपांमधल्या फटींवर होती. एका पलंगाच्या फटीतून मी माझी पर्स अख्खी आरपार काढली. दुकानदार हसला. "मॅडम, पर्स थोडीच झोपणार आहे?"

शेवटी घरीच करून घ्यायचं ठरलं.

काकांनी आता टेप काढली आणि हिशेब सुरू केला. आपल्याकडचा नेहमीचा पंखा अठ्ठेचाळीस इंची. म्हणजे मध्यापासून पात्याचं टोक दोन फुटांवर. खोली दहा फूट रुंद, पंखा बरोबर मधोमध, म्हणजे भिंतीपासून पाच फुटांवर. पाचातून दोन गेले, राहिले तीन. तीन फुटी गादीचा पलंग भिंतीला लावला तर चौकटीसह तो अडतीस इंच बाहेर येतो. "पातं पलंगाच्या दोन इंच आत फिरणार," काका म्हणाले. मग उंची. छत नऊ फूट दोन इंच, पाती त्याच्या फूटभर खाली. वरच्या गादीचा पृष्ठभाग पाच फुटांवर धरला, तर गादी आणि पात्यात उरतात अडतीस इंच. थोरल्याला जमिनीवर मांडी घालून बसवलं, भिंतीला पाठ टेकवली, डोक्यावर गुण्या धरून पेन्सिलीची खूण केली: अठ्ठावीस. "आता हात वर कर रे बाळा." बोटं बेचाळीसच्या पुढे गेली.

पुढे कोणी काही बोललं नाही. थोरला मात्र खूश होता. आपली उंची मोजतायत, एवढंच त्याला कळलं होतं.

ऑस्ट्रेलियात असा पलंग पंख्यापासून निदान दोन मीटर दूर ठेवायला सांगतात. दहा फुटी खोलीत छताच्या पंख्यापासून दोन मीटर लांब जायचं तर पलंग शेजाऱ्यांकडे ठेवावा लागेल. आम्ही पंखाच उतरवला. समोरच्या भिंतीवर उंच, जाळीचा पंखा बसवून घेतला. वारा कमी लागतो अशी तक्रार पहिल्या आठवड्यात आली, ती अजून चालू आहे.

काका देवगडकडचे. साठीच्या जवळ आलेले, कानावर पेन्सिल, बोलणं कमी. त्यांचं माप फूट, इंच आणि सुतात चालतं. इंचाचे आठ सूत. माझ्याकडे वहीत उतरवलेली देशोदेशीची मापं होती, त्यात सेंटिमीटर, मिलिमीटर, सगळंच. भारतीय मानक ब्यूरोचंही बंक बेडसाठी वेगळं मानक आहे, आयएस १७६३६, २०२२ सालचं. पण मिस्त्रीच्या हातून घरातच घडणाऱ्या पलंगावर कुठला शिक्का यायचा? तिथे वही मलाच धरायची होती. काकांना ती वही फारशी आवडली नाही. "चाळीस वर्षं पलंग करतोय," एवढंच म्हणाले, आणि चहा मागितला.

पहिला खटका उडाला तो कठड्यावरून. त्यांनी पुढच्या कठड्याच्या आडव्या फळ्या जमिनीवर मांडून दाखवल्या. दोन फळ्यांत चार-साडेचार इंच जागा. दिसायला फार छान, हवेशीर. मी म्हटलं, साडेतीन इंचांपेक्षा कमी हवी. "एका इंचानं काय होतंय?"

तेव्हा मला ते सांगावं लागलं, जे वाचल्यापासून मला झोप लागत नव्हती. लहान मुलाचं डोकं धडाच्या मानानं मोठं असतं. झोपेत फटीतून आधी पाय जातात, मग कंबर, मग पोट. छातीही दबून निघून जाते. डोकं मात्र जात नाही. मूल हनुवटीवर लटकतं आणि ओरडूही शकत नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९९ मध्ये बंक बेडचे नियम सक्तीचे केले, त्यांतला साडेतीन इंचांचा आकडा यासाठीच आहे. पडण्याची भीती सगळ्यांनाच असते. अडकण्याची भीती कोणाच्या मनातच येत नाही, कारण पलंगात अडकलेलं मूल आपण पाहिलेलं नसतं.

काका काही बोलले नाहीत. सागाचा एक उरलेला तुकडा उचलला, करवतीने कापला, रंध्याचे दोन हात मारले, कडा घासल्या. त्यावर पेन्सिलीने लिहिलं: ३ इं. ४ सू. मग तो ठोकळा माझ्या हातात दिला. "हा कुठं जायला नको. बरोबर?"

पुढचे सहा दिवस तो ठोकळा घरभर फिरला. कठड्यात, शिडीत, डोक्याच्या आणि पायाच्या बाजूला, गादी आणि चौकटीच्या मध्ये. हाताखालचा पोरगा तर प्रत्येक फळी ठोकण्याआधी हाक मारायचा, "काका, गोटी दो." धाकटीला हा खेळच मिळाला. तिने स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांपासून सोफ्याच्या मागच्या फटीपर्यंत सगळीकडे ठोकळा घालून पाहिला आणि निकाल जाहीर केले.

दुसरा खटका भिंतीच्या बाजूचा. तिकडेही कठडा हवा म्हटल्यावर काका खरंच चिडले. "अहो, भिंत आहे ना! भिंतीतून कुठं पडणार पोरगं?" प्रश्न मलाही आधी तसाच पडला होता. पण पलंग भिंतीला कायमचा चिकटून राहत नाही. केर काढताना सरकतो, मुलं वर नाचली की सरकतो. रोज एकेक सूत करत महिन्याभरात चार बोटांची फट पडते, आणि ती गादीआड दडलेली असते. नियमात भिंतीकडचा कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लागतो. शिडीसाठी तोडायचा तो फक्त पुढचा. काकांनी ऐकून घेतलं, प्लायची लांब पट्टी काढली आणि बसवली. वर शेरा मारलाच, "भिंतीला पण कुंपण."

कठड्याची उंची मात्र त्यांनी मनानेच ठरवून टाकली होती, प्लायपासून आठ इंच. आठ म्हणजे चांगलं वीतभर दिसतं. पण त्यावर चार इंचांची गादी आली की उरतात चारच, आणि अमेरिकी नियम गादीच्या वर पाच मागतो, युरोपात तर सोळा सेंटिमीटर, म्हणजे सहा इंचांवर. गादी नसताना पलंग पाहायची सवय सुताराला असते, आणि गिऱ्हाइकालाही. त्यात उद्या कोणी हौसेने सहा इंची जाड गादी आणली तर कठडा निव्वळ शोभेचा. आम्ही प्लायपासून बारा इंच केला. फळ्यांचा खर्च थोडा वाढला. वरच्या गादीची जाडी चार इंचांहून जास्त नको, हे चौकटीच्या आत मार्करने लिहून ठेवलं. सासूबाईंनी कापसाच्या गाद्या नव्याने भरून घ्यायचं सुचवलं होतं. पण कापसाची गादी वर्षभरात बसते, गोळे होतात, आणि ती वर चढवणं-उतरवणं एकट्याचं काम नव्हे. काथ्या आणि फोमची गादी, चौकट पूर्ण झाल्यावर आतलं माप घेऊन कापून आणली. तयार बहात्तर इंची गादी पंचाहत्तर इंची चौकटीत टाकली तर पायाशी तीन इंच मोकळे राहतात.

काका चुकत होते आणि मी बरोबर, असं मात्र अजिबात नव्हतं. मला खाली मोठे ड्रॉवर हवे होते. घरात जागा कमी असली की बाईला पहिला ड्रॉवर दिसतो. त्यांनी जमिनीवर खडूने उंची मांडून दाखवली. खालची गादी सोळा इंचांवर. त्यावर छत्तीस इंच मोकळे, कारण "रात्री तुम्ही गोष्ट सांगायला बसणार, डोकं नको आपटायला." मग वरची चौकट चार इंच, गादी चार. झाले साठ. ड्रॉवर घातले तर खालचा पलंग सहा इंच वर, म्हणजे एकतर वरचा मुलगा छताजवळ नाहीतर मी वाकून. ड्रॉवर गेले. त्या जागी चाकं लावलेली दोन बसकी खोकी सरकवली.

आणि खिडकी. मला पलंग खिडकीखाली हवा होता, उजेडासाठी. "वरून खिडकीची दांडी पोरांच्या गुडघ्याशी येईल," ते म्हणाले. विषय संपला.

भिंतीला पलंग बांधायचा दिवस मला सगळ्यांत आवडला. आमची इमारत नवी, आतल्या भिंती हलक्या राखाडी ब्लॉकच्या. काकांनी ड्रिल लावलं आणि बिट खारीत बोट जावं तसं आत गेलं. भोकात प्लग घालून त्यांनी तो चिमटीने उपटून दाखवला. "ही भिंत कॅलेंडर धरंल. पलंग नाही धरणार." मग ते भिंतीवर हातोडीच्या दांड्याने टकटक करत कोपऱ्याकडे सरकले. पोकळ, पोकळ, पोकळ, आणि एकदम बद्द. पिलर. तिथे ड्रिल लावल्यावर आवाजच बदलला, धूळही वेगळी पडली. लोखंडी अँगल त्यांनी त्या पिलरला अँकर बोल्टने आवळले आणि खोलीतला पलंग त्या एका कोपऱ्याभोवती बसला.

जोडांना स्क्रू वापरलेच नाहीत असं नाही, पण भार घेणाऱ्या ठिकाणी सगळीकडे आरपार नट-बोल्ट. प्लायच्या कडेत स्क्रू मारला की थर फाकतात आणि मूल वर-खाली करू लागलं की भोक मोठं होत जातं, हे त्यांनी एका तुकड्यावर करून दाखवलं. खांब सागाचे, अडीच बाय अडीचचे, आणि आडव्या पट्ट्या त्यांत खाच-कुसू करून बसवलेल्या. पटाशीने खाच साफ करताना ते बोलत नाहीत. पोरगाही तेवढा वेळ मोबाइल बंद ठेवतो.

खांबांच्या डोक्यावर बसवायला त्यांनी खरादीकडून चार सुरेख लट्टू करून आणले होते. मला ते नाकारताना जिवावर आलं. उंच खांबाच्या टोकाला ओढणी, टी-शर्टचा गळा, जाकिटाची दोरी अडकते आणि वरून उतरणारं मूल त्याला लटकतं. काकांनी लट्टू परत पिशवीत टाकले, मग काय वाटलं कोण जाणे, धाकटीला देऊन टाकले. त्यांची तिने भोवऱ्यासारखी वाट लावली. मच्छरदाणीही याच कारणाने बाद झाली, दोऱ्याच नकोत. खिडकीला जाळी बसवली.

शिडी सरळ उभी करण्यावर ते अडून होते, जागा वाचते म्हणून. लालबागच्या चाळीत आमच्या मामांकडे पोटमाळ्याला तशीच उभी शिडी होती. सुट्टीत आम्ही सहा भावंडं तिथे झोपायचो आणि रात्री शूला उतरताना एक तरी घसरायचा. ते आठवून मी तिरकीच हवी म्हटलं. दीड फूट जागा गेली. पायऱ्या गोल दांड्यांऐवजी सपाट, चार इंच रुंद, दर दहा-अकरा इंचांवर. गोल दांडी अनवाणी तळव्याला रुतते, हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही, आपण चपला घालून दुकानात चढून बघतो. पायाच्या बाजूला कठड्यात चौदा इंचांची वाट ठेवली. चढायला पुरेशी, लोळत बाहेर यायला अपुरी.

वरच्या प्लायला काकांनी गोल बिटाने ओळीने भोकं पाडली, तीही त्यांच्याच डोक्यातून. डोंबिवलीच्या पावसाळ्यात बंद प्लायवर गादी टाकली की खालून बुरशी धरते. शिवाय घाम. गरम हवा वर जाते, त्यामुळे मे महिन्यात वरच्याला खालच्यापेक्षा जास्त उकडतं. एवढं करूनही ते उकडतंच.

सातव्या दिवशी काका स्वतः वर चढले. कठड्याला धरून त्यांनी पलंग लांबीच्या दिशेने हलवला, आडवा हलवला, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर धपकन वळले. कुठे करकर आली नाही. मग डोळे मिटून मिनिटभर तसेच पडून राहिले. खाली पोरगा हसत होता.

धाकटीचा मुद्दा राहिलाच. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये, हे अमेरिकेत पलंगावरच लिहावं लागतं. झोपेतून उठून आपण कुठे आहोत हे त्या वयात पटकन कळत नाही. काकांचं मत वेगळं होतं: "आमच्याकडं पाच वर्षांची पोरं आंब्यावर चढायची." जागी असताना, मी म्हटलं. दिवसा ती वर जाते, कारण शिडी कुलपात ठेवता येत नाही. रात्री खाली. तिने कॅलेंडरवर दहा महिने मोजून खुणा केल्या आहेत.

पावसाळा संपल्यावर पाना घेऊन सगळे बोल्ट एकदा आवळा, असं काका जाताना बजावून गेले होते. आवळले. सोळांपैकी तीन अर्धा फेरा फिरले.

त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. मागे रंधा मशीनचा आवाज, बहुतेक कल्याणला कुठेतरी काम चाललं असावं. ठोकळा ते घेऊनच गेले होते, तो मी नंतर घरभर शोधला होता.

"ताई, ते कठड्याचं कमीत कमी किती म्हणालात? पाच ना?"

"पाच. पण गादीच्या वर, काका. प्लायच्या वर नाही."

"हां, हां," ते म्हणाले, आणि फोन चालू असतानाच पलीकडे कोणाला तरी ओरडून सांगितलं, "अरे, गादी किती जाड आहे विचार आधी त्यांना!"