नळजोडणीतील हातभर अंतर

ठाणे शहराच्या पाण्याचा एक भाग भातसा नदीवरील पिसे येथून उचलला जातो. कल्याण-डोंबिवलीस प्रामुख्याने उल्हास नदीचे पाणी मिळते. मोहिली, बारावे आदी केंद्रांत ते शुद्ध होते. एवढ्या सायासाने घरी पोहोचलेले पाणी पुष्कळदा वाया जाते, ते भिंतीतील अँगल कॉक व नळ यांना जोडणाऱ्या हातभर लवचीक नळीच्या सांध्यावर. या शहरांत घरातील मंडळी सकाळच्या लोकलने कामावर जातात. बंद दाराआड सांधा निखळला, तर गच्चीवरील टाकी रिकामी होते व खालच्या बिऱ्हाडाचे छत भिजते.

हा सांधा पाणी अडवतो, तो नटातील रबरी वॉशरच्या साहाय्याने, बळाने नव्हे. म्हणून नटाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची जरुरी नसते. टेप लागते ती अँगल कॉक भिंतीत बसवताना. नट प्रथम हाताने पूर्ण फिरवावा व नंतर पान्याने सुमारे पाव फेराच आवळावा. अधिक आवळल्यास वॉशर चिरडते अथवा नटास तडा जातो. आवळताना कॉक दुसऱ्या हाताने धरून ठेवावा, अन्यथा तो भिंतीतच फिरतो. नळीला पीळ वा तीव्र बाक देऊ नये. गिझरकडील नळी गरम पाण्यास योग्य अशीच घ्यावी.

दुरुस्तीसाठी बंद ठेवलेला पुरवठा पूर्ववत होताना पाण्याबरोबर गाळ व गंजाचे कण येतात. यास्तव नळी जोडण्यापूर्वी कॉक उघडून थोडे पाणी बादलीत सोडावे. जोडणीनंतर कॉक सावकाश उघडावा व सांध्याभोवती कोरडा कागद फिरवावा. तो ओला झाल्यास गळती आहे असे समजावे. सेकंदाला एक थेंब गळाला, तरी दिवसाला चार लिटरांहून अधिक पाणी जाते.

नळीवरील पोलादी जाळी फरशी धुण्याच्या आम्लाने झिजते. जाळीचे तार तुटू लागताच नळी बदलावी. कॉक वर्षानुवर्षे न फिरवल्यास घट्ट बसतो. तेव्हा दोन-तीन महिन्यांनी तो एकदा बंद करून उघडावा. शाळा व ग्रामपंचायत कार्यालयांतही हीच दक्षता घ्यावी. पाणी बंद करण्याचा कॉक कोठे आहे, हे घरातील लहानथोर सर्वांस ठाऊक असणे, हा अपघात टाळण्याचा बिनखर्चाचा उपाय होय.