पडत्या काळात खपवायचं कसं? कोल्हापूरला विचारा!

बाजार थंडावला की धंदेवाला पहिली कात्री लावतो ती जाहिरातीला. पण गिऱ्हाईक राखायची खरी गरज तेव्हाच असते. कोल्हापूर आणि आसपासच्या मातीतले हे सहा किस्से त्याचीच साक्ष देतात.

1. मंदीत दुप्पट बाजारपेठ
1929 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि जगभर मंदी पसरली. त्याच वर्षी 1 जूनला कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ सुरू झाली होती. मंदी ऐन भरात असताना, 1932 मध्ये, तिने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला, तोही मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत. कथा एकच, कंपनी एकच, प्रेक्षक मात्र महाराष्ट्राबाहेरचेही!

2. महाराजांचा चहा
अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरातल्या भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल थाटलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण घेणार? कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवू लागले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. वजनदार माणसाने सर्वांसमोर दाखवलेला विश्वास छापील जाहिरातीच्या कितीतरी पुढे जातो. इथे तर त्या विश्वासाने अस्पृश्यतेलाच धक्का दिला.

3. गुळाला हक्काची पेठ
1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली आणि कोल्हापुरी गुळाला हक्काची बाजारपेठ मिळाली. आजही दिवाळी पाडव्याला गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात, तेव्हा हंगामाची बातमी आपोआप गावोगाव पोहोचते. पूर्वी ओळख 30 किलोच्या रव्याची, म्हणजे ढेपेची. आता 5 किलोचा, 1 किलोचाही गूळ मिळतो. गिऱ्हाइकाचा हात आखडला की माप लहान करावं, दर्जा नव्हे.

4. नांगर खपेना, तेव्हा…
लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. पुढे शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीतून 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. कारखान्याचं हे पत्रक वाढत वाढत मराठीतलं नावाजलेलं मासिक झालं. वाचकाला आधी उपयोगाचं काही द्यावं, मालाचं नाव त्याच्या ध्यानात राहतंच.

5. दिवाळीचा ‘फरक’
1963 मध्ये स्थापन झालेला ‘गोकुळ’ दूध संघ दिवाळीच्या तोंडावर उत्पादकांना दूध दरातला फरक देतो. सणाच्या खर्चाला हाताशी आलेली ही रक्कम गोठ्यापासूनचं नातं घट्ट करते. गिऱ्हाइकाइतकाच माल पुरवणाराही जपावा लागतो. तो तुटला तर विकायचं काय?

6. वादातून बाजार
जून 2025. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, पण कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. महाराष्ट्रातून आवाज उठला, तेव्हा कंपनीने या चपलांमागची भारतीय कारागिरी मान्य केली आणि तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. 2019 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन या लढ्यात मोलाचं ठरलं. आता अस्सल जोड ओळखता यावा म्हणून क्यूआर कोडही आला आहे. मालाचा उगम पटवून देता आला, तर नकलेच्या बाजारातही किंमत टिकते.

लगेच काय करता येईल?
जुन्या गिऱ्हाइकांची यादी काढा, त्यांना फोन करा. लहान माप बाजारात आणा. माल कुठला, कुणी केला, हे वेष्टनावर ठळक छापा. पुरवठादाराचे पैसे वेळेवर चुकते करा. यातल्या एकाही कामाला मोठं भांडवल लागत नाही. लागतो तो दिलेला शब्द पाळण्याचा रिवाज, आणि हा रिवाज हात मोकळा असतानाच अंगी बाणवायला हवा.