अंगाबरोबर बसेल तोच पाणसूट

बुरोंडीची मुले समुद्र पाहतच वाढतात. त्यांतले कुणी तारकर्लीला, पर्यटन महामंडळाच्या केंद्रात स्कूबा डायव्हिंग शिकायला निघाले, तर आईवडिलांनी एक गोष्ट सांगून ठेवावी. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेते. निओप्रीन रबराचा सूट अंग कोरडे ठेवत नाही. आत थोडे पाणी शिरतेच. ते अंगाच्या उबेने तापते आणि रबरातले बारीक बुडबुडे ती ऊब धरून ठेवतात. सूट ढगळ असला की पाणी सारखे बदलते व हुडहुडी भरते. म्हणून काखेत, कमरेत, पाठीवर पोकळी नको. गळ्याशी मात्र आवळू नये, चक्कर येते. अंगात घालून उकिडवे बसावे, हात वर करावेत, छाती भरून श्वास घ्यावा. अडले तर दुसरा मागावा. मुलींनी तर पुरुषी मापाचा सूट मुकाट्याने घेऊच नये. भाडे आपणही तेवढेच मोजतो, मग मागायला लाज कसली?