लेख आपला, मालकी कोणाची?

सात महिन्यांपूर्वी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात बौद्ध वस्तीच्या स्मशानभूमीकडे जाणारी पायवाट एका बागायतदाराने नांगरून टाकली. भर पावसात वस्तीला प्रेत घेऊन ओढ्याच्या पाण्यातून जावे लागले. खांदेकऱ्यांत त्याच वस्तीतला एक तरुण होता. एम.ए. झालेला, नोकरी नसलेला, पण लिहिणारा. त्याने रात्रीतून लेख लिहिला, मोबाइलवर काढलेले दोन फोटो जोडले आणि एका ऑनलाइन वृत्तपत्राला पाठवून दिला. चार दिवसांत लेख झळकला. वस्तीने पेढे वाटले.

परवा तो कोर्टाच्या बाररूममध्ये आला, "जयभीम, वकीलसाहेब," म्हणून समोर बसला आणि पिशवीतून एक नोटीस काढून टेबलावर ठेवली. बागायतदाराच्या वकिलाने पाठवलेली, अब्रूनुकसानीची. मी आधी नोटीस वाचली, मग त्याचा मूळ लेख आणि शेवटी त्याने मोबाइलवर दाखवलेला, छापून आलेला लेख. छापलेल्या लेखात 'बौद्ध वस्ती' हे शब्द कुठेच नव्हते. 'वाट नांगरली' याचे 'वाटेवरून दोन गटांत वाद' झाले होते. बागायतदाराची जात गेली होती, वस्तीची जात गेली होती. राहिला होता फक्त चिखल!

वाचकहो, यात एवढे काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडले ते असे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातीच्या माणसाला स्मशानभूमी किंवा रस्ता इतरांच्या बरोबरीने वापरण्यास अडवणे हा गुन्हा स्पष्ट शब्दांत नोंदवला गेला. बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे. म्हणजे या प्रकरणात जात हा तपशील नाही, जात हाच गुन्ह्याचा कणा आहे. ती पुसली की अत्याचाराचे भांडण होते. आणि समोरच्या वकिलाने नेमके तेच हेरले. नोटिशीत तो लिहितो की तुमच्याच लेखात हा 'दोन गटांतील वाद' असल्याचे तुम्ही मान्य केले आहे. जे वाक्य या मुलाने लिहिलेच नाही, ते त्याच्याच गळ्यात घातले गेले.

त्याने संपादकांना विचारले, तेव्हा उत्तर आले की लेख पाठवताना आपण अटी मान्य केल्या आहेत. अटींत दोन गोष्टी होत्या. लेखाचे सर्व हक्क प्रकाशनाकडे राहतील आणि लेखामुळे काही नुकसान झाल्यास त्याची भरपाई लेखक करील. मुलाने ई-मेलवर 'मान्य' एवढा एकच शब्द लिहून पाठवला होता. कबूल केलेले बाराशे रुपयेही सात महिन्यांत आलेले नव्हते.

मग तिथे लिहूच नये काय? मी तसे म्हणणार नाही. २००६ साली अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांतील ३१५ निर्णयकर्त्यांची पाहणी केली, तेव्हा त्यांत अनुसूचित जाती-जमातीचा एकही सापडला नाही. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांच्या अहवालाने वृत्तपत्रे, वाहिन्या, मासिके आणि संकेतस्थळे मिळून १२१ नेतृत्वपदे तपासली. १०६ पदे उच्चवर्णीयांकडे, अनुसूचित जाती-जमातींकडे शून्य. तेरा वर्षांत काय बदलले ते आपणच पाहा. आपल्या मुलांना आतल्या खुर्च्या मिळत नाहीत, तेव्हा बाहेरून लेख पाठवणे हाच दरवाजा उरतो. तो सोडून चालणार नाही. पण दरवाजातून आत जाताना आपण कशावर सही करतो, हे तरी पाहू.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना आपल्या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण आधी लिहून झाले. मंडळाला त्यातील धर्मशास्त्रांवरचा भाग खुपला, तो गाळा म्हणून निरोप आले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. अधिवेशन रद्द झाले आणि त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले, १५०० प्रती. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' आज जगभर वाचले जाते ते त्यामुळे. आपल्याकडे या प्रसंगाचा बाणेदारपणा सांगितला जातो, तो खराच आहे. वकील म्हणून मला त्यात आणखी एक दिसते. संहिता त्यांच्या हाती होती आणि हक्कही त्यांचेच होते, म्हणून ती छापता आली.

तो हक्क आजच्या बेरोजगार मुक्त पत्रकारालाही आहे, त्याला माहीत नसतो एवढेच. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे लेखाचा पहिला मालक लेखक. पगारी पत्रकाराची गोष्ट वेगळी, मुक्त लेखकाची ही. (मोबदला देऊन कोणी फोटो काढायला सांगितला, तर उलट करार नसल्यास त्या फोटोची मालकी सांगणाऱ्याकडे जाते, हे मात्र ध्यानात ठेवा. या मुलाने फोटो स्वतःहून काढले होते, ते त्याचेच.) मालकी दुसऱ्याला द्यायची तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी द्यावी लागते. कोणता हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशापुरता आणि किती मोबदल्यात, हे त्यात हवे. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे धरली जाते. 'मान्य' या एका शब्दाने या मुलाची मालकी गेली, असे माझे मत नाही.

कलम ५७ तर त्याहून मोलाचे. हक्क विकल्यावरही लेखक म्हणून नाव लावण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी लेखाची मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. संपादकाने शुद्धलेखन सुधारले किंवा पाल्हाळ छाटले म्हणून हे कलम लागत नाही, आणि लागूही नये. आमच्या कार्यकर्त्यांचे लेख छाटावेच लागतात, माझेसुद्धा. पण पीडिताला 'एक गट' करणे म्हणजे छाटणी नव्हे.

भरपाईची अट मात्र धोक्याची आहे. ती तशीच मान्य करू नका. 'लेखकाने जाणूनबुजून खोटी माहिती दिली असेल तरच' एवढी भर घालायला सांगा, तीही लेख पाठवण्याआधी. अब्रूनुकसानीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. तो मजकूर प्रसिद्ध करणाऱ्यालाही लागतो, त्यामुळे खासगी अट दाखवून प्रकाशनाला फौजदारीतून अंग काढून घेता येत नाही. आणि नुसते खरे लिहून फौजदारीत भागत नाही, ते लोकहितासाठी होते हेही दाखवावे लागते. म्हणून गाव नकाशा, सातबारा, माहिती अधिकारात काढलेल्या नकला लेखाआधी फायलीत हव्यात.

१९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून जी संहिता लागू झाली, तिच्यात डिजिटल माध्यमे आली आहेत. पण तीही नोकरीतल्या पत्रकारापुरतीच. लेखामागे मानधन घेणाऱ्याला आधार त्याच्या करारपत्राचाच.

मी प्रकाशनाला कलम ५७ चा हवाला देऊन पत्र धाडले. आठवड्यात पैसे आले, दहा टक्के कापून. मुलगा म्हणाला, "साहेब, यातही खाल्ले." त्याला टीडीएस समजावून सांगितला. मूळ शब्द मात्र परत आले नाहीत. लेखच काढून टाकला गेला. छापून आलेल्या लेखाची प्रत मुलाने ठेवलेली नव्हती. ठेवली असती आणि सोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडले असते, तर मोडतोड कोर्टात दाखवता आली असती.

नोटिशीला उत्तर गेले आहे. गाव नकाशावर ती पायवाट तुटक रेषेने दाखवलेली आहे, त्याची नक्कल मिळाली. पण मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली वाट मोकळी करून घेण्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. लेख आला, आता तहसीलदार हलेल, या भरवशावर वस्ती थांबली आणि मुदत टळली. आता अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद देण्याची तयारी चालू आहे. मूळ लेख, जातीच्या उल्लेखासह, त्याने या पत्राकडे पाठवला आहे. वाट अजून बंदच आहे.