टाच टेकत नाही, त्याचं काय?

माघ पौर्णिमेच्या सुमारास दरेकसा स्टेशनावर गाडी थांबली की डब्यांतून माणसांचा लोंढा उतरतो. पिवळे झेंडे, पिवळे दुपट्टे, डोक्यावर गाठोडी, 'जय सेवा'चा पुकारा, आणि सगळे पाय धनेगावच्या वाटेला. सालेकसा तालुक्यातल्या त्या गावाहून जंगलातली चढण लागते. वर कचारगडची अजस्र गुहा आहे. इथेच कोंडलेल्या मुलांना पारी कुपार लिंगोंनी सोडवलं, असं गोंडी परंपरा सांगते.

मी ती चढण चढून उतरलो, तेव्हा खाली सत्तरीची एक आजी तीन दगडांच्या चुलीपुढे उकिडवी बसून भाताखाली फुंकर घालत होती. दोन्ही टाचा जमिनीला पक्क्या टेकलेल्या, पाठ सैल, एक हात मोकळा. तिच्याशेजारी बसायला गेलो, तर माझ्या टाचा उचलल्या गेल्या आणि मी सरळ मागे कोलमडलो. आजी हसली. म्हणाली, "बसनं सुटलं का बाप्पा तुमचं?"

अंग आखडण्याबद्दल इतकं नेमकं निदान मी दुसरं ऐकलेलं नाही. कारण आपलं ठरलेलं उत्तर वेगळंच असतं: "वय झालं आता", नाहीतर "आमच्या घराण्याचं हाडच ताठ".

वयाने सांध्यांची हालचाल थोडी कमी होते, हे खरं. हाडांची घडणही प्रत्येकाची वेगळी. कुणाची खुब्याची वाटी खोल, कुणाची उथळ, त्यामुळे सगळ्यांना सारखं बसता येणार नाही. पण टाच न टेकण्याचं नेहमीचं कारण याहून साधं आहे. उकिडवं बसताना नडगी पावलाच्या पुढे झुकावी लागते, आणि त्यासाठी पोटरीचे स्नायू ताणले जावे लागतात. आजीच्या पोटरीला हा ताण पावसाळ्यात रोवणीला, चैतात मोहफुलं वेचताना, उन्हाळ्यात तेंदूपानांचे पुडके बांधताना आणि रोज चुलीपुढे मिळतो. माझी पोटरी खुर्ची, कमोड, डायनिंग टेबल आणि गाडीची सीट यांच्यातच फिरते. तिला तो कोन कुणी वर्षानुवर्षं मागितलेलाच नाही. मागायला लागलं तर साठीनंतरही फरक पडतो. म्हाताऱ्या माणसांवरच्या व्यायामाच्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. फक्त त्यांनी ताण जरा जास्त वेळ, म्हणजे तीस सेकंदांपासून मिनिटभर धरावा, असं व्यायामशास्त्र सांगतं.

आता याचं दुसरं टोक. "खेड्यातल्या माणसांचे गुडघे कुठे दुखतात?" शहरात हे वाक्य मोठ्या कौतुकाने म्हटलं जातं. दुखतात, चांगले दुखतात. दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाईची कंबर एकदा विचारून पाहावी. चीनमध्ये बीजिंगच्या वृद्धांवर झालेल्या अभ्यासात तरुणपणी रोज कित्येक तास उकिडवं बसणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज जास्त आढळली होती. तेव्हा उकिडवं बसता येणं ही एक गोष्ट, आणि तासन् तास बसावं लागणं ही दुसरी. ज्यांच्या गुडघ्यांची झीज आधीच झाली आहे, त्यांनी पोस्टरवरचं मलासन पाहून खोल बसण्याचा हट्ट धरू नये.

आणि एक गोष्ट खास आपल्या भागाची. पूर्व विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. या आजारात मांडीच्या हाडाच्या गोल माथ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि मग ऐन पंचविशीत खुबा दुखतो, वळेनासा होतो, माणूस लंगडतो. त्याला 'अंग आखडलंय, ताण दे' असं सांगणं म्हणजे शुद्ध घात. तरुण माणसाचा खुबा दुखून ताठरला असेल, तर आधी रक्त तपासायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. आसनांचं नंतर.

"शीर आखूड झालीय, ताणली की लांब होईल." हा गैरसमज इतका मुरला आहे की व्यायाम शिकवणारेही तो सांगतात. एक तर ती शीर नव्हे, स्नायू. दुसरं म्हणजे, पहिल्या काही आठवड्यांत तुम्ही चार बोटं जास्त वाकू लागता, ते स्नायू लांबल्यामुळे नव्हे. ताण एका हद्दीपर्यंत गेला की मज्जासंस्था 'बास' म्हणते. रोज त्या हद्दीवर जाऊन शांतपणे थांबलं की तिची खात्री पटते, आणि ती 'बास' जरा उशिरा म्हणते. स्नायूच्या रचनेत बदल व्हायचा तर त्याला खूप जास्त काळ लागतो. म्हणूनच आठवडाभर कसून ताणलं आणि पंधरा दिवस सोडलं, तर सगळं मूळपदावर.

किती वेळ थांबायचं? अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास यासाठी फार कामाचा आहे. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेल्या ५७ जणांचे गट केले. कुणी १५ सेकंद ताण धरायचा, कुणी ३०, कुणी ६०, कुणी काहीच नाही. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. तीस सेकंदवाल्यांना पंधरावाल्यांपेक्षा जास्त फायदा झाला, पण साठवाल्यांना तीसवाल्यांहून काही जास्त मिळालं नाही. म्हणजे साधा श्वास सात-आठ वेळा होईल एवढाच वेळ. त्याआधी पाच मिनिटं चालून अंग गरम केलेलं बरं.

"दुखलं तरच लागू पडतं" हेही चूक. ओढ जाणवावी, कळ येऊ नये. हिसके दिले की स्नायू बचावासाठी उलट आवळतो.

कचारगडहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्या मांड्या अशा भरून आल्या की जिना उतरायला कठडा धरावा लागला. शेजारी म्हणाले, पायात लॅक्टिक ॲसिड साठलंय, ताण दिला की निघून जाईल. ते ॲसिड खरं तर श्रमानंतर तासाभरातच रक्तातून निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं असतं ते स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेचं, आणि ती चढताना कमी, उतरताना जास्त होते, कारण उतरणीवर मांडीचा स्नायू लांबत असतानाच शरीराचं वजन तोलतो. ताण देऊन हे दुखणं टळत नाही. १२ अभ्यास एकत्र तपासलेल्या २०११ च्या कॉक्रेन आढाव्यात, व्यायामाआधी ताण दिल्याने दुसऱ्या दिवशीचं दुखणं शंभरपैकी सरासरी अर्ध्या गुणाने कमी झालेलं दिसलं. अर्धा गुण! यात्रेला जायचं असेल, तर पंधरा दिवस आधीपासून जिने उतरायचा सराव करा, तो कामी येईल.

राहता राहिला योग. "छे, माझं शरीर लवचीक नाही, मला जमायचं नाही." हे म्हणजे भूक लागली आहे म्हणून जेवायला बसत नाही, असं झालं. पतंजलींनी आसनाची जी व्याख्या केली, तिच्यात स्थिरता आहे, सुख आहे. पाय मानेमागे नेण्याचा उल्लेखही नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, ते योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरणांनी आणि रक्तदाबाच्या यंत्राने मोजून पाहायला. आणि बी. के. एस. अय्यंगार? लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय यांनी पिळून निघालेला, ताठर अंगाचा मुलगा. १९३४ मध्ये म्हैसूरला मेहुण्याकडे योग शिकू लागला आणि १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आला. लाकडी विटा, पट्टे, दोर, खुर्च्या हे सगळं त्यांनी वर्गात आणलं, कारण हात जमिनीपर्यंत पोचत नसेल तर जमीन हातापर्यंत आणता येते. ज्याला सगळं आपोआप जमतं, त्याला हे सुचलं असतं का, याची मला शंका आहे.

मीही तेच केलं. घरी खाटेचा पाय दोन्ही हातांनी धरतो, टाचांखाली घडी केलेला टॉवेल सरकवतो आणि सावकाश खाली बसतो. तीस सेकंद, तीन वेळा, सकाळचा चहा उकळेपर्यंत. फाल्गुनात सुरुवात केली तेव्हा टॉवेलच्या आठ घड्या लागत होत्या. रोवणीचे दिवस आले तेव्हा दोनवर आलो होतो. खाटेचा पाय मात्र अजून सुटलेला नाही.